तंजावरची गोळी

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते, बृहदीश्वराच्या मंदिरावरील भोसल्यांचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आठवतो, कावेरीकाठची भातशेती आठवते. वैद्यकाच्या इतिहासात हे नाव आणखी एका कारणाने नोंदले गेले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास इलाख्यात ‘तंजावरची गोळी’ ह्या नावाचे एक औषध सर्पदंशावर रामबाण म्हणून प्रसिद्ध होते. पांढरा सोमल, पारा, काळी मिरी आणि काही तीव्र वनस्पतींची मुळे व बिया खलून ती तयार करीत. सोमल म्हणजे स्वतःच एक जहाल विष. विषाने विष उतरते ही समजूत आपल्याकडे जुनी आहेच. शिवाय हे औषध घेतलेली कित्येक माणसे खरोखर बरी झालेली लोकांनी पाहिली होती. कंपनी सरकारच्या वैद्यांचे कुतूहल त्यामुळे जागे झाले.

हे कुतूहल पुढे शंभर-सव्वाशे वर्षे देशोदेशी फिरले. विशाखापट्टण, लंडन, वेस्ट इंडीजमधील एक बेट, कलकत्ता, मेलबर्न, सायगाव, मुंबई असा त्याचा प्रवास झाला. एका देशात गुणकारी ठरलेले औषध दुसऱ्या देशात तपासून पाहणे हे वरकरणी सोपे काम वाटते. ते किती अवघड आहे, आणि त्यातील अडचणी बुद्धीच्या कमी आणि व्यवहाराच्याच अधिक कशा असतात, हे सर्पविषाच्या ह्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

पॅट्रिक रसेल हा स्कॉटिश वैद्य १७८१ साली हिंदुस्थानात आला. त्यापूर्वी त्याने सीरियातील अलेप्पो शहरी अनेक वर्षे वैद्यकी केली होती आणि प्लेगची साथ जवळून पाहिली होती. १७८५ मध्ये मद्रास इलाख्याचा निसर्गशास्त्रज्ञ म्हणून कंपनीने त्याची नेमणूक केली. हे पद त्याच्या आधी ज्याच्याकडे होते तो योहान कोनिग हा लिनियसचा शिष्य. तो १७६८ साली तंजावर राज्याच्या किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला होता. वनस्पतींचा अभ्यास हे रसेलचे मुख्य काम. परंतु सर्पदंशाने मरणाऱ्या माणसांची संख्या पाहून त्याने सापांचा प्रश्न हाती घेतला. विषारी साप कोणता आणि बिनविषारी कोणता, हे सामान्य माणसाला कसे ओळखता येईल, हा त्याचा पहिला प्रश्न. त्यावर लोकांत चालणारी औषधे खरी किती, हा दुसरा. ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या ओघात तंजावरची गोळी त्याच्या हाती आली.

रसेलने कुत्रे व कोंबड्या ह्यांना साप चाववून औषधाची परीक्षा केली. गोळी दिलेली काही जनावरे जगली, काही मेली. गोळी न दिलेल्यांतही तसेच घडले. ह्या गोळीच्या गुणाची त्याला खात्री पटली नाही. त्याचा सापांवरील सचित्र ग्रंथ लंडनमध्ये १७९६ साली प्रसिद्ध झाला. आपण ज्याला घोणस म्हणतो त्या सापाचे शास्त्रीय नाव पुढे त्याच्याच नावावरून पडले.

रसेलच्या ग्रंथाचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. सापांची युरोपीय नावे निश्चित नसल्यामुळे त्याने स्थानिक तेलुगू नावे जशी कानी पडली तशी नोंदवून ठेवली. घोणशीसाठी त्याने ‘कटुक रेकुल पोडा’ हे नाव दिले. पट्टेरी मण्याराचे ‘बंगारू’, म्हणजे सोने, हे तेलुगू नाव तर पुढे मण्याराच्या संपूर्ण प्रजातीच्या लॅटिन नावात कायमचे जाऊन बसले. नावाबरोबर चित्र, खवल्यांची संख्या आणि लांबीही त्याने दिली. ही खबरदारी त्याने घेतली नसती तर विशाखापट्टणात कोणत्या सापावर प्रयोग झाले, हे लंडनच्या वाचकाला कधीच कळले नसते. नावाचा हा घोटाळा आजही संपलेला नाही. तमिळमध्ये घोणस ही ‘कण्णाडि विरियन’, फुरसे हे ‘सुरुट्टै विरियन’ आणि मण्यार हा ‘कट्टु विरियन’. तिघेही ‘विरियन’, परंतु पहिल्या दोघांचे विष रक्त बिघडवते आणि मण्याराचे विष श्वास बंद पाडते. विदर्भात घोणशीला परड म्हणतात, आणि कोकणात तर सापाचे नावच न घेता ‘पान लागले’ असे म्हणण्याची रीत. रुग्णाच्या तोंडून आलेला एक शब्द वहीत कसा उतरतो, ह्यावर पुढचे सारे गणित अवलंबून असते.

आता त्या गणिताकडे वळू. एखाद्याला साप चावला, त्याने गोळी घेतली व तो वाचला, तर गोळीने वाचला असे म्हणता येईल काय? ह्याचे सर्वांत चांगले उत्तर तंजावरपासून दूर, त्या वेळच्या फ्रेंच कोचीन-चायनात मिळाले. १८९१ च्या ऑक्टोबरात तेथील बाक-लिउ गावाजवळच्या एका खेड्यात अतिवृष्टीने पाणी भरले आणि नाग झोपड्यांत शिरले. चाळीस माणसांना दंश झाला. त्यांपैकी चार दगावली. छत्तीस वाचली. त्या काळी नागाच्या विषावर खात्रीचा उपाय कोठेही नव्हता. त्या चाळीस जणांना कोणी तंजावरची गोळी दिली असती, तर छत्तीस जीव वाचवल्याचे श्रेय गोळीला मिळाले असते, आणि ते नाकारणे कोणालाही जड गेले असते. साप पुष्कळदा चावतो, पण प्राणघातक इतके विष प्रत्येक वेळी सोडत नाही. कधी कधी तर मुळीच सोडत नाही. औषध घेतलेल्यांची गणना पुरेशी नाही. औषध न घेतलेल्या, परंतु अन्य सर्व बाबतीत सारख्या असलेल्या रुग्णांची गणनाही शेजारी हवी. इटलीतील फेलिचे फोंताना ह्याने अठराव्या शतकातच तीन हजारांवर विषारी साप वापरून सहा हजारांवर प्रयोग केले, आणि विषाची मात्रा व जनावराचा आकार ह्यांचा संबंध दाखवला, तो ह्याच विचाराने. परंतु त्याचे साप युरोपातील व्हायपर होते. त्यांचा हिशेब नागाला कितपत लागू पडेल, हे फ्लॉरेन्समध्ये बसून सांगणे शक्य नव्हते.

इकडे गोळी मात्र थांबली नाही. रसेलने शंका नोंदवली तरी ग्रंथात कृती छापली गेली होती, आणि छापलेली कृती समुद्र ओलांडते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वेस्ट इंडीजमधील सेंट लुसिया बेटावर ब्रिटिश पलटणीतील आयर्लंड नावाच्या शल्यवैद्याने साप चावलेल्या सैनिकांना सोमलाचे द्रावण पाजले. आधार होता तंजावरच्या गोळीचा. तिच्यात सोमल असतो हे रसेलच्या ग्रंथातून युरोपीय वैद्यांस ठाऊक झाले होते. सैनिक वाचले, आणि तो वृत्तांत १८११ साली लंडनच्या एका वैद्यकीय मंडळाच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. ह्या प्रवासात काय काय बदलले ते पाहा. गोळीतील पारा व मुळे गळाली, एकटा सोमल उरला. साप बदलला, सेंट लुसियाचा विषारी साप हिंदुस्थानात आढळतही नाही. रुग्णही बदलले. शिल्लक राहिले ते केवळ नाव आणि कीर्ती. तरी दोन खंडांतील अनुभव एकमेकांस दुजोरा देतात असे वाचकास वाटले असल्यास नवल नाही. निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष एकत्र करताना हा धोका नेहमीच असतो: वस्तू वेगळ्या, पण पाटी एकच.

तंजावरमध्येच ह्यावरील उपायाचा एक भाग त्या सुमारास आकार घेत होता, ही मोठी वेधक गोष्ट आहे. १७९८ ते १८३२ ह्या काळात गादीवर असलेले सरफोजी राजे दुसरे ह्यांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था चालवली. तेथे देशी वैद्य आणि युरोपीय वैद्य दोघांचेही ज्ञान एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला; अनुभवाने गुणकारी ठरलेली औषधे तमिळ पद्यात संग्रहित करण्यात आली. सरस्वती महालात त्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही आहेत. रुग्णाची तक्रार, केलेले उपचार, त्यांचा परिणाम, आणि सोबत डोळ्याची चित्रे, असे त्यांचे स्वरूप आहे. अशी नोंद दुसऱ्या देशातील वैद्याला दोनशे वर्षांनंतरही वाचता येते व तपासता येते. गोळीच्या कीर्तीबद्दल तसे म्हणता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या कामाचे केंद्र कलकत्त्याला गेले. जोसेफ फेरर ह्याने तेथे सापांच्या विषावर अनेक वर्षे प्रयोग केले व १८७२ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास ज्ञात असलेल्या एकाही औषधाने नागाचे विष उतरत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. विषाची सूक्ष्म क्रिया तपासण्याची साधने मात्र लंडनमध्ये होती. फेररने नागाचे विष वाळवून लंडनला पाठवले, आणि तेथे लॉडर ब्रंटन ह्या वैद्याबरोबर त्या विषाच्या क्रियेवरील निबंध रॉयल सोसायटीकडे सादर झाले. वाळवलेले विष वर्षानुवर्षे आपली शक्ती टिकवून ठेवते. ही साधी गोष्ट नसती तर कलकत्ता-लंडन हे सहकार्य अशक्य होते. ज्या काळी रक्ताचा वा लसीचा नमुना पंधरा दिवसांत नासून जाई, त्या काळी विषाची ही कोरडी पूड आगबोटीने अविकृत पोहोचत असे. आज मात्र तीच पूड देशाबाहेर पाठवणे फेररच्या दिवसांपेक्षा कठीण आहे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा आणि जैवविविधतेचा २००२ चा असे दोन कायदे मध्ये उभे असतात. ते असणे योग्यच आहे. परंतु संशोधनाच्या वेळापत्रकात ह्या परवान्यांसाठी महिने राखून ठेवावे लागतात.

त्याच वेळी ऑस्ट्रेलियात वेगळाच दावा पुढे आला. मेलबर्न विद्यापीठातील प्राध्यापक हॅल्फर्ड ह्याने शिरेत अमोनिया टोचून सर्पदंश बरा होतो असे जाहीर केले, आणि बरे झालेल्या रुग्णांची उदाहरणे दिली. फेररने कलकत्त्यात तोच उपाय केला; जनावरे मेली. वादाला तोंड फुटले. हॅल्फर्डच्या बाजूने असे म्हणता येई की, नागावर अमोनिया चालत नसेल, पण ऑस्ट्रेलियाच्या सापावर चालत असेल. कलकत्त्याच्या प्रयोगाने मेलबर्नचा निष्कर्ष खोटा कसा ठरतो? हा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर शब्दांनी देता येत नव्हते. शेवटी ऑस्ट्रेलियाचे जिवंत साप जहाजाने कलकत्त्यास आणावे लागले, आणि सरकारने नेमलेल्या सर्पविष समितीने दोन्ही देशांचे विष एकाच प्रयोगशाळेत, एकाच रीतीने तपासले. तिचा अहवाल १८७४ साली निघाला. अमोनिया दोन्हींवर निरुपयोगी ठरला.

हा प्रसंग सर्पविषाच्या इतिहासात लहान असेल. संशोधनाच्या पद्धतीच्या इतिहासात तो मोठा मानला पाहिजे. दोन देशांतील दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांचे निष्कर्ष नाकारीत होती, कारण दोघांजवळ समान असे काहीच नव्हते. साप, जनावर, मात्रा, औषध देण्याची वेळ, सारेच वेगळे. समान माप निर्माण करण्याचा खर्च म्हणजे जहाजाच्या पोटातून आलेले जिवंत विषारी साप.

बाक-लिउच्या त्या पुराकडे पुन्हा जाऊ. तेथील एका गारुड्याने एकोणीस नाग जिवंत पकडून पिंपात भरले आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने ते पिंप सायगावच्या प्रयोगशाळेत पाठवून दिले. प्रयोगशाळेचा प्रमुख होता आल्बेर काल्मेत. ह्या एकोणीस नागांपासून सुरू झालेल्या कामातून १८९४ मध्ये फ्रान्समध्ये नागविषावरचे रक्तजल, म्हणजे ज्याला सीरम म्हणतात ते, प्रसिद्ध झाले. जनावरास विषाची अगदी अल्प मात्रा वाढवीत वाढवीत टोचावी. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. ते रक्तजल साप चावलेल्या माणसास द्यावे. प्रतिविष ते हेच. शतकानुशतके शोधलेला उपाय अखेर सापडला होता.

काल्मेतला मात्र असे वाटले की हे एकच रक्तजल सर्व सापांच्या विषावर चालेल. ह्या समजुतीचे खंडन तीन खंडांतून झाले. ऑस्ट्रेलियात मार्टिन ह्याला तेथील टायगर सापाच्या विषावर ह्या रक्तजलाचा उपयोग होत नाही असे आढळले. ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे व्हितल ब्राझील ह्याने दाखवले की खुळखुळ्या सापाच्या विषावरचे रक्तजल तेथील जराराका सापावर चालत नाही व त्याचे ह्यावर चालत नाही. आणि मुंबईत, परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्ब ह्याला आढळले की नागाच्या विषावरचे रक्तजल घोणशीच्या विषाला रोखीत नाही. परळची ही प्रयोगशाळा १८९९ साली जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये सुरू झाली होती; १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. मार्टिन, व्हितल ब्राझील व लॅम्ब ह्यांचे काम सारखेच निघाले ह्यातच त्याचे बळ होते. प्रत्येकाने आपल्या अंगणातील साप घेतला होता.

त्यातून भारतात बहुगुणी प्रतिविषाची कल्पना रूढ झाली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चार सापांचे विष घोड्यांना टोचून एकच औषध तयार करतात. भारतीय मानकाप्रमाणे त्याच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६, घोणशीचे ०.६, मण्याराचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. ही परीक्षा उंदरांवर होते. येथे समान माप आहे, आकडाही आहे. परंतु माप ज्या विषावर घेतले ते विष कोठल्या सापाचे, हा रसेलचाच प्रश्न पुन्हा उरतो. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अलीकडच्या वर्षांत तपशीलवार दाखवले आहे. भारतात प्रतिविषासाठी लागणारे विष फार मोठ्या प्रमाणावर एकाच ठिकाणाहून येते: महाबलिपुरमजवळच्या वडनेम्मेली येथील इरुळ जमातीच्या सर्पमित्रांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था. तेथून जवळच्या नागाचे विष आणि राजस्थानच्या वाळवंटातील नागाचे विष एक नव्हे.

ह्याची किंमत आफ्रिकेने मोजली. घानाच्या ग्रामीण भागात तेथील फुरशाच्या दंशावर वापरात असलेले प्रतिविष २००४ च्या सुमारास बदलण्यात आले व नवे, स्वस्त औषध आले. त्याच्या वेष्टणावर आफ्रिकेतील सापांची नावे होती. तयार करताना मात्र भारतातील फुरशाचे विष वापरलेले होते. दोन्ही सापांचे कूळ एक, जाती वेगळ्या. दंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. दवाखान्यांनी दर वर्षीची नोंद एकाच पद्धतीने ठेवली होती म्हणून हे कळले. नोंद नसती तर मृत्यू सापाच्या माथी मारले गेले असते. सेंट लुसियाच्या सोमलाहून ही गोष्ट वेगळी नाही. तेथे नाव प्रवासास निघाले होते, येथे नाव व शिक्का दोन्ही.

आजही सर्पदंशावर अनेक देशांत मिळून चालणारे संशोधन थोडेच आहे. जगात दर वर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसे सर्पदंशाने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. मरणारे बहुधा खेड्यातले, शेतात राबणारे, पावसाळ्यात दवाखान्यापासून दूर असलेले. औषध विकून नफा व्हावा अशी ही बाजारपेठ नाही. संघटनेने २०१७ साली ह्या दुखण्याचा दुर्लक्षित रोगांच्या यादीत समावेश केला तेव्हा कोठे पैसा थोडाफार वाहू लागला.

एका प्रयोगाचे उदाहरण घेऊ. श्रीलंकेत भारतात तयार झालेले प्रतिविष वापरतात. घोड्याचे रक्तजल माणसास टोचले की पुष्कळांना तीव्र प्रतिक्रिया येते. रक्तदाब उतरतो, श्वास कोंडतो. आधी अल्प मात्रेत ॲड्रिनॅलिन दिले तर हे टळेल काय, हे तीन दवाखान्यांतील १००७ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणाला औषध व कोणाला नुसते पाणी हे वैद्यालाही ठाऊक न ठेवता, तपासण्यात आले. पहिल्या तासातील तीव्र प्रतिक्रिया ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. अशा प्रयोगासाठी रसेलला जे दिवसरात्र कुत्रे व कोंबड्या घेऊन करता आले नाही ते करावे लागते: तुलनेचा गट ठेवणे, आणि तो माणसांचा ठेवणे.

दुसरा प्रयोग दोन देशांचा आहे. व्हॅरेस्प्लॅडिब ह्या तोंडाने घ्यावयाच्या औषधाची परीक्षा २०२१ पासून भारत व अमेरिका ह्या दोन्ही देशांतील दवाखान्यांत झाली. गोळी घ्यावी व दवाखान्याकडे निघावे, ही कल्पना. तंजावरच्या जुन्या गोळीची आठवण व्हावी अशीच. ९५ रुग्ण घेण्यात आले. सर्वांना त्या त्या देशातील नेहमीचे उपचार मिळालेच. अर्ध्यांना त्यावर हे औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. येथील अडचणींची कल्पना करावी. अमेरिकेत चावणारा साप बहुधा खुळखुळ्या किंवा त्याच्या कुळातला. भारतात घोणस, नाग, मण्यार. तेथील प्रतिविष मेंढीपासून किंवा घोड्यापासून काढलेले व शुद्धीकरणाच्या वेगळ्या पातळीचे, येथील घोड्याचे. तेथे रुग्ण मोटारीतून येतो, येथे पुष्कळदा मांत्रिकाकडे जाऊन, पायाला दोरी आवळून येतो, आणि चावल्यापासून किती तास झाले हे नातेवाइकांच्या आठवणीवर अवलंबून असते. ह्या सगळ्यांना एकाच गुणपद्धतीने मोजावे लागते: श्वास, हृदय, रक्त, मज्जासंस्था, प्रत्येकाला गुण. निष्कर्ष २०२४ साली आला. मुख्य मापात औषधाने फरक पडलेला दिसला नाही. लवकर आलेल्यांत थोडा लाभ दिसला, पण तो पुढच्या प्रयोगाचा विषय.

माप समान ठेवणे म्हणजे काय, ह्याचे एक घरगुती उदाहरण येथे द्यावेसे वाटते. घोणशीने चावल्यास रक्त गोठत नाही. ते पाहण्याची सर्वांत सोपी रीत अशी की थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवावे, मग नळी तिरपी करावी. रक्त वाहिले तर विष अंगात आहे. ह्यास ना वीज लागते, ना यंत्र. परंतु नळी काचेचीच हवी. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही. आणि काचेची असली तरी साबणाच्या पाण्याने धुतलेली नको. साबणाचा अंश राहिला तरी तोच परिणाम. म्हणजे एका दवाखान्यातील परिचराने नळ्या नेमाने स्वच्छ धुऊन ठेवल्या की त्या दवाखान्यातील सर्व रुग्ण विषबाधित ठरतील. दहा दवाखाने, दोन देश, आणि प्रयोगाचे भवितव्य नळ्या धुणाऱ्याच्या हातात.

भाषेचेही तसेच. रुग्णाची संमती घेणे बंधनकारक आहे. संमतिपत्र बहुधा इंग्रजीत लिहिले जाते. ते तमिळ, तेलुगू, कन्नड, मराठी अशा भाषांत उतरवतात, आणि मग दुसऱ्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उतरवून मुळाशी पडताळतात. शब्दाला शब्द ठेवून काम भागत नाही. ‘चिठ्ठी टाकून तुम्हाला औषध मिळेल किंवा मिळणार नाही’ हे वाक्य ज्याच्या पायाला सूज चढते आहे, डोळ्यांच्या पापण्या मिटत आहेत, अशा माणसाच्या बायकोला वा भावाला काही मिनिटांत समजेल असे सांगावयाचे असते; आणि नकार दिला तरी उपचार थांबणार नाहीत, हे त्याहून आधी सांगावयाचे असते. घाईत भाषांतरकाराचे चुकलेले एक क्रियापद येथे माणसाचा हक्क बुडवू शकते.

कावेरीच्या खोऱ्यात भाताची लावणी व कापणी चालते त्या दिवसांत घोणस बांधांवर व पेंढ्यांत आढळते. तेथील शेतमजुराला आज मिळणारे प्रतिविष हे कोरड्या पुडीच्या रूपात असते. ती शीतपेटीशिवाय ठेवता येते, आणि ऐन वेळी पाण्यात विरघळवून शिरेतून देतात. फेररने वाळवलेले विष लंडनला पाठवले तेव्हा जी सोय झाली होती तीच ही सोय, उलट दिशेने. तमिळनाडूने २०२४ साली सर्पदंशाची नोंद दवाखान्यांना सक्तीची केली आहे. कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणता साप, किती वेळाने रुग्ण आला, किती कुप्या लागल्या, वाचला की नाही, हे आता शासनाकडे जाते. ह्या नोंदी तमिळनाडूच्या सीमेवर थांबतात. श्रीलंकेत, बांगलादेशात, नेपाळात भारतीय प्रतिविषच वापरले जाते. तेथील दवाखान्यांच्या वह्यांत रकाने वेगळे आहेत.